मारिएन्थालची मंदावलेली चाल

मारिएन्थाल ही व्हिएन्नाच्या आग्नेयेला, ग्रामाटनॉइझीडल या गावाला चिकटून वसलेली गिरणी कामगारांची वस्ती. १८३० साली हेर्मान टोडेस्को यांनी तिथे कारखाना उभारला आणि पुढची शंभर वर्षे गिरणी म्हणजेच गाव असा मामला राहिला. लांबलचक, बैठ्या चाळी, कामगारांचे वाचनालय, गाण्याची आणि कुस्तीची मंडळे, बालवाडी, जमीनदारी थाटाचे एक मोठे उद्यान. सगळ्यांचा पोशिंदा एकच. जागतिक मंदीत तो कोसळला. १९२९ च्या जुलैत सूतकताई बंद झाली, ऑगस्टमध्ये छपाई, सप्टेंबरमध्ये ब्लीचिंग आणि फेब्रुवारी १९३० मध्ये मागही थांबले. त्यानंतर इमारती पाडायला सुरुवात झाली. ज्यांनी तिथे आयुष्य काढले, त्यांच्याच खिडक्यांसमोर विटांचे ढिगारे उभे राहिले. गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको.

वस्तीत ४७८ कुटुंबे होती, माणसे १,४८६. जवळपास तीन-चतुर्थांश कुटुंबांची चूल बेकारी भत्त्यावर पेटत होती. भत्त्याची मुदत ठरलेली. ती संपली की त्याहून कमी रकमेचे आपत्कालीन साहाय्य आणि तेही आटले की काहीच नाही. नियम असे कडक की कोणी चोरून चार पैसे कमावताना सापडला, तर भत्ता बंद. जळाऊ लाकडाच्या बदल्यात झाडे तोडायला मदत केली म्हणून एकाचा भत्ता गेला. घरोघरी दूध पोहोचवून मुलांसाठी थोडे दूध घेतले म्हणून एका बाईचा गेला. मग निनावी तक्रारींना ऊत आला आणि त्यांतल्या बऱ्याच चौकशीत खोट्या निघाल्या.

समाजाच्या मानसिक स्वास्थ्याचा अभ्यास म्हणून आज जे काही केले जाते, त्यातली निम्मी हत्यारे या वस्तीत पहिल्यांदा एकत्र वापरली गेली. योग मात्र अपघाताचा. पॉल लाझार्सफेल्ड हे तिशीतले गणिती आणि पक्के समाजवादी. व्हिएन्ना विद्यापीठातल्या शार्लोट आणि कार्ल ब्यूलर या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या छत्राखाली त्यांनी एक संशोधन केंद्र काढले होते. कामाचे तास कमी झाल्यावर कामगार मोकळा वेळ कसा घालवतात, याची पाहणी करायचा त्यांचा बेत होता. तो त्यांनी सोशल डेमोक्रॅट पक्षाचे नेते ओटो बाउअर यांच्या कानावर घातला आणि बाउअर उखडले. देश बेकारीत बुडालेला असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, असा त्यांचा सवाल होता. बेकारी अभ्यासा, असे त्यांनी सुचवले आणि गावाचे नावही दिले. डाव्या चळवळीला त्या वेळी एक प्रश्न सतावत होता: पोट रिकामे राहिले की माणूस बंड करतो की गप्प बसतो? उत्तर बाउअर यांनाही हवेच होते.

पैसा थोडा रॉकफेलर निधीतून आला, थोडा व्हिएन्नाच्या कामगार मंडळाकडून. १९३१ च्या शेवटी काम सुरू झाले. गावात कोणीही नुसता निरीक्षक किंवा वार्ताहर म्हणून जायचे नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडेल असे काहीतरी करायचे, हा पथकाचा नियम होता. डॉक्टरांनी मोफत दवाखाना चालवला. बायकांसाठी कपडे बेतण्याचा वर्ग निघाला, मुलींसाठी व्यायामाचा. सर्वांत मोठे काम जुन्या कपड्यांचे. व्हिएन्नात कपडे गोळा करायचे, मारिएन्थालच्या घराघरात जाऊन कोणाला काय लागते ते विचारायचे आणि त्याप्रमाणे वाटप करायचे. विचारपूस करताना घर दिसते, मुले दिसतात, बाई बोलती होते आणि कोटाच्या निमित्ताने आयुष्याची कहाणी बाहेर पडते. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीने या युक्तीला आक्षेप घेतला असता आणि तो अगदीच चुकीचा ठरला नसता. तरी प्रश्नावली भरून घेऊन गावाला काहीही न देता निघून जाणाऱ्या असंख्य पाहण्यांपेक्षा हा व्यवहार सरळ होता, असेच म्हणावे लागते.

ही घरे ज्यांनी पालथी घातली त्या लोटे डान्त्सिंगर. लग्नानंतर त्यांचे नाव शेंक-डान्त्सिंगर झाले. त्या शार्लोट ब्यूलर यांच्या साहाय्यक होत्या. सहा आठवडे त्या वस्तीतच खोली घेऊन राहिल्या. पथकातले बाकीचे लोक व्हिएन्नाहून ये-जा करत. शंभर कुटुंबांना दिलेल्या भेटी, कोणाचे घर कसे होते, मुलांच्या अंगावर काय होते, कोण कपडे मागायला पुढे आले आणि कोणी संकोचाने नाही म्हटले, या नोंदींचा मोठा भार त्यांच्यावर होता. उतारवयात या मुक्कामाविषयी त्या बोलल्या, तेव्हा त्यात जिव्हाळ्यापेक्षा कंटाळाच जास्त होता. पुढे ऑस्ट्रियातच राहून त्यांनी बालविकासाच्या मानसशास्त्रात नाव कमावले. त्यांचे पाठ्यपुस्तक शिक्षकांच्या पिढ्यांनी वाचले. मारिएन्थालच्या अभ्यासावर निघालेल्या पुस्तकात मात्र त्या प्रस्तावनेतल्या आभारापुरत्या उरल्या. सहा आठवडे तिथे राहणाऱ्या बाईंचे नाव आभारात आणि ये-जा करणाऱ्यांची नावे इतिहासात, हा हिशेब संशोधनाच्या जगात आजही फारसा बदललेला नाही.

गोळा झालेल्या कागदांचे वजन सुमारे ३० किलो भरले. जीवनकथा, जेवणाच्या नोंदी, वाचनालयाची रजिस्टरे, दुकानांचे हिशेब, शाळकरी मुलांचे निबंध. आकडे कोरडे न राहता बोलू लागतात, ते या ढिगात. भत्ता वाटपाच्या आदल्या दिवशी ३८ मुलांचे शाळेतले डबे पाहिले, तर १९ जणांकडे कोरडा पाव होता किंवा तेही नव्हते. वाटपाच्या दुसऱ्या दिवशी अशी मुले दोनच होती. नाताळला काय हवे, असे मुलांना लिहायला सांगितले. आसपासच्या गावांतल्या मुलांच्या इच्छांची किंमत सरासरी ३६ शिलिंग झाली, मारिएन्थालच्या मुलांची १२. इथली मुले मागायलाच बिचकत होती. मिळाले असते तर बरे झाले असते, अशा सुरात लिहीत होती. कुत्रे-मांजर नाहीसे झाले तरी मालक आता तक्रार करत नसे. ते कोणाच्या तरी पातेल्यात गेले, हे त्याला ठाऊक असे.

यात हिशेबाबाहेरच्या गोष्टीही होत्या आणि त्या टिपून ठेवण्यात पथकाची नजर दिसते. पन्नाशीच्या एका बाईने केस कुरळे करायचा चिमटा हप्त्यावर घेतला. आपत्कालीन साहाय्यावर जगणाऱ्या एका घराने फेरीवाल्याकडून व्हेनिसचे रंगीत चित्र विकत घेतले. भाजीच्या वाफ्यात काहींनी फुले लावली. गरिबाने पै-पै कशी जपावी, हे बाहेरून सांगणाऱ्यांनी ही पाने जरूर वाचावीत.

सर्वांत बोलकी मोजणी रस्त्यावर झाली. एका खिडकीआड बसून पथकाने मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल पाहिली. रस्ता पार करणाऱ्या ६८ पुरुषांपैकी ४६ जण वाटेत निदान दोनदा थांबले. न थांबता गेलेले फक्त सहा. ३२ बायकांपैकी मात्र १२ जणी सरळ निघून गेल्या. वेगही मोजला. ३३ पुरुषांपैकी १८ जण ताशी तीन किलोमीटरच्या आसपास रेंगाळत होते, तर १७ बायकांपैकी १० जणी ताशी पाच किलोमीटरने चालत होत्या. शंभर पुरुषांपैकी ८८ जणांकडे घड्याळ नव्हते. त्यांतल्या ३१ जणांचे ते घरी पडून होते. दिवस कसा गेला ते तासवार लिहून द्या, असे सांगून ८० तक्ते भरून घेतले. पुरुषांच्या तक्त्यांत उठणे, जेवणे आणि झोपणे एवढेच ठळक होते. मधल्या तासांत काय केले, ते आठवत नाही. काही काम नसलेला नवरा दुपारी जेवायला वेळेवर येत नाही, अशी तक्रार बायका करत होत्या.

बायकांचा दिवस तेवढाच भरलेला राहिला होता. स्वयंपाक, धुणी, शिवण, मुले, आणि आता कमी पैशांत हे सगळे भागवण्याची कसरत. गिरणी चालू असताना यांतल्या अनेकींनी दिवसभर माग चालवून रात्री घरकाम उरकले होते. तरी विचारल्यावर बऱ्याच जणी म्हणाल्या, गिरणी पुन्हा सुरू झाली तर त्या जातील, आणि केवळ पगारासाठी नाही. तिथे माणसे भेटत.

वेळ होता, तरी त्याचे काही झाले नाही. उद्यानात तण माजले, वाटा बुजल्या. शेकडो रिकाम्या हातांपैकी कोणी ते साफ केले नाही. वाचनालयाची वर्गणी माफ केली होती, तरी १९२९ ते १९३१ या काळात पुस्तकांची देवघेव ४८.७ टक्क्यांनी घटली. बेकारांना स्वस्तात मिळणाऱ्या पक्षाच्या दैनिकाची वर्गणीही लोकांनी सोडली. फुरसतीचा अभ्यास करायला निघालेल्या लाझार्सफेल्ड यांना शेवटी मोकळ्या वेळाचाच अभ्यास करावा लागला, फक्त उलट्या बाजूने.

कुटुंबांची चार गटांत विभागणी केली. न खचलेली, निमूट झालेली, हताश आणि पार निर्जीव. निमूट म्हणजे घर नीट, मुले स्वच्छ, पण पुढचा काही विचार नाही, अपेक्षा नाही. बारकाईने पाहिलेल्या शंभर घरांत अशी ४८ होती, न खचलेली १६, हताश ११ आणि निर्जीव २५. ही घरे गावातल्या सर्वांत गरजू घरांतून निवडलेली असल्याने साऱ्या वस्तीसाठी आकडे दुरुस्त केले, तेव्हा न खचलेली २३ टक्के, निमूट ६९ टक्के आणि मोडून पडलेली ८ टक्के झाली. उत्पन्न मांडल्यावर पायऱ्या सरळ दिसल्या. दरडोई मासिक उत्पन्न न खचलेल्यांत ३४ शिलिंग, निमूट गटात ३०, हताशांत २५, निर्जीवांत १९. चार ते सहा शिलिंगांचा फरक म्हणजे एका मनःस्थितीतून दुसऱ्या मनःस्थितीत घसरण. बाउअर यांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच होते आणि ते चळवळीला रुचणारे नव्हते. बेकारीने मारिएन्थालमध्ये क्रांती पेटली नाही. गाव थकून बसले.

या अभ्यासाच्या पुस्तकाचा मुख्य भाग मारी याहोडा यांनी लिहिला. त्या लाझार्सफेल्ड यांच्या पत्नी. हे लग्न पुढे मोडले. हान्स त्साइझेल यांनी अशा सामाजिक पाहण्यांचा इतिहास परिशिष्टात लिहिला. १९३३ मध्ये लाइपझिगच्या हिर्त्सेल प्रकाशनाने पुस्तक काढले, तेव्हा हिटलर सत्तेवर आला होता. ज्यू वाटणारी लेखकांची नावे मुखपृष्ठावर छापली गेली नाहीत. लाझार्सफेल्ड शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि तिथेच राहिले. भूमिगत समाजवाद्यांसाठी काम करणाऱ्या याहोडा यांना १९३६ मध्ये अटक झाली. १९३७ मध्ये देश सोडण्याच्या अटीवर सुटका झाली. जर्मनमध्ये पुस्तक पुन्हा निघायला १९६० उजाडले आणि इंग्रजीत यायला १९७१.

इंग्लंडला गेल्यावर लगेच याहोडा यांनी साउथ वेल्समध्ये ईस्टर्न व्हॅली भागात दुसरा अभ्यास केला. तिथे क्वेकर पंथीयांच्या पाठबळाने, लॉर्ड फॉरेस्टर यांच्या पुढाकाराने एक संस्था चालत होती. बेकार खाण कामगार तिथे बिनपगारी काम करत आणि स्वतः बनवलेला माल उत्पादन खर्चात विकत घेत. भत्ता चालू राही. याहोडा कामगारांच्या घरी राहिल्या, त्यांच्याबरोबर कामाला गेल्या. निष्कर्ष प्रामाणिक होता आणि म्हणूनच कडू. वयस्क कामगारांना दिवसाची घडी परत मिळाली होती, सोबत मिळाली होती. पण तरुण फिरकत नव्हते आणि खऱ्या नोकरीची जागा हा उद्योग घेऊ शकत नव्हता. अहवाल वाचून फॉरेस्टर दुखावले. साऱ्या आयुष्याचे काम तुम्ही मोडीत काढलेत, अशी त्यांची भावना झाली. त्याच सुमारास, मार्च १९३८ मध्ये, जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. याहोडा यांचे नातेवाईक व्हिएन्नात अडकले होते आणि त्यांना बाहेर काढायला फॉरेस्टर यांनीच मदत केली. याहोडा यांनी अहवाल बाजूला ठेवला. तो छापला गेला १९८७ मध्ये, जवळपास पन्नास वर्षांनी. शास्त्राच्या दृष्टीने हे समर्थनीय नाही. माणुसकीच्या दृष्टीने दुसरे काय करता आले असते, हे सांगणेही अवघड आहे.

याहोडा यांच्या नंतरच्या दोन ग्रंथांवर या दोन ठिकाणांची छाप आहे. अमेरिकेत असताना, १९५८ मध्ये, त्यांनी मानसिक आरोग्य म्हणजे नुसता आजाराचा अभाव नव्हे, या भूमिकेतून त्याचे निकष मांडले. १९८२ च्या पुस्तकात नोकरीतून पगाराखेरीज मिळणाऱ्या गोष्टी त्यांनी सांगितल्या: दिवसाची घडी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सामूहिक कामात वाटा, समाजातले स्थान आणि नियमित हालचाल. पगार भत्त्याने थोडाफार भरून निघतो, या गोष्टी निघत नाहीत. घड्याळ घरी ठेवून रस्त्यावर थांबत-थांबत जाणारा पुरुष म्हणजे या यादीचा मूळ पुरावा.

ऑक्टोबर २०२० मध्ये याच ग्रामाटनॉइझीडलमध्ये लोअर ऑस्ट्रियाच्या रोजगार सेवेने नवा प्रयोग मांडला. वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्या प्रत्येक रहिवाशाला पगारी कामाची हमी, सक्ती नाही. सुतारकाम, शिवणकाम, बागकाम, जुन्या इमारतींची डागडुजी अशी कामे दिली. कामाच्या हमीची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या योजनेला वि. स. पागे यांच्या आग्रहाने १९७७ मध्ये इथे कायद्याचे रूप आले. ऑस्ट्रियातल्या प्रयोगाचे वेगळेपण असे की कमाईबरोबर याहोडा यांच्या यादीतल्या गोष्टीही मोजल्या गेल्या. माक्सिमिलियान काझी आणि लुकास लेनर या अर्थशास्त्रज्ञांच्या मूल्यमापनात गावातली दीर्घकालीन बेकारी जवळपास संपल्याचे आणि सहभागी लोकांची दिवसाची घडी, सामाजिक संपर्क, समाजात मिळणारा मान व एकूण समाधान सुधारल्याचे दिसले. शारीरिक आरोग्यात मात्र ठळक फरक आढळला नाही. प्रकल्पाची मुदत २०२४ मध्ये संपली.