चौतीस किलोमीटर आणि चंद्र

मुंबईत बोरिवलीहून चर्चगेट 34 किलोमीटर. सीएसएमटीहून ठाणंही 34 किलोमीटरच. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या जागेहून, देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली, तेव्हा एवढं अंतर म्हणजे एका शहरातून दुसऱ्या गावी जाणं होतं. चौदा डबे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, 21 तोफांची सलामी आणि आत सुमारे चारशे पाहुणे. डब्याला तीसही नाहीत. विंडो सीटवरून कुणाची बाचाबाची झाली नसावी.

आता नऊ डब्यांच्या लोकलचा हिशेब पाहा. ती बांधली होती सतराशे-अठराशे माणसांसाठी. ऐन गर्दीत तिच्यात चढायची पाच हजारांच्या घरात. डब्याला साडेपाचशे. म्हणजे 1853 ची अख्खी गाडी एका डब्यात बसवून वर दीडशे माणसं आणखी! पुढे डबे बारा झाले, काही गाड्यांना पंधरा. सकाळी साडेआठला घाटकोपरच्या फलाटावर उभं राहिलं की ते वाढलेले डबे कुठे गेले असा प्रश्न पडतो.

या गर्दीला रेल्वेच्या भाषेत नावच आहे : सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये उभी 14 ते 16 माणसं. चौरस मीटर डोळ्यांपुढे येत नसेल तर कॅरम बोर्ड आणा. सोंगट्या ज्या चौकोनात फिरतात, तो जेमतेम अर्धा चौरस मीटर; तेवढ्यात सात-आठ माणसं उभी करा, पाठीवरच्या सॅक आणि जेवणाच्या डब्यांसकट. आता त्यातल्या एकाला अंधेरीला उतरायचंय आणि तो दारापासून लांब आहे. गाडी थांबणार वीस-तीस सेकंद. म्हणून तर अंधेरीला उतरणारा विलेपार्ल्यापासूनच पुढच्याच्या खांद्यावर टकटक करून ‘अंधेरी?’ विचारायला लागतो.

पश्चिमेकडे 1867 च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुरू झाली. दिवसाला एक यायला, एक जायला. आज पश्चिम आणि मध्य रेल्वे मिळून रोज सुमारे 3,200 फेऱ्या होतात. पहाटे चार ते रात्री एक धरले तर दर 24 सेकंदांना कुठून ना कुठून एक लोकल सुटते. हे वाक्य वाचेपर्यंत आणखी एक सुटायच्या बेतात असेल.

प्रवासी रोजचे सुमारे 75 लाख, असं सांगतात. 2011 च्या जनगणनेतले पाच गोवे त्यात मावतात. पण इथे एक मेख आहे. ही मोजदाद डोक्यांची नाही, फेऱ्यांची. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परतला की दोनदा मोजला जातो. खरी माणसं निम्म्याच्या आसपास. तरी अडीच गोवे उरतातच.

आणि एक आकडा गमतीत घेता येत नाही. 2023 मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून जास्त माणसं गेली. रूळ ओलांडताना, दारातून पडून, इतर कारणांनी. रोजची सरासरी सात. बाकी शहर दुसऱ्या दिवशी तीच लोकल पकडतं, कारण दुसरी सोय नाही.

आता एकाच पासधारकाचा हिशेब. बोरिवली-चर्चगेट जाऊन-येऊन 68 किलोमीटर. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरा : 20,400 किलोमीटर, पृथ्वीची अर्धी प्रदक्षिणा. रोजचे दोन तास धरले तर वर्षाला सलग 25 दिवस आणि तीस वर्षांच्या नोकरीत दोन वर्षांहून जास्त काळ, रात्रंदिवस, लोकलमध्ये. अंतर भरतं 6,12,000 किलोमीटर. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. हा गृहस्थ तिथे पोचून परतीलाही लागलेला असतो. पण घर अजून दीड लाखाहून जास्त किलोमीटर दूर असतानाच तो निवृत्त होतो. म्हणजे पास आणखी जवळजवळ पावणेआठ वर्षं काढावा लागेल. आणि बसायला जागा मिळालीच, तर तीही तिघांच्या बाकावरची चौथी सीट.