पंधरा डॉलरचा बूट

ऑगस्ट 2006 मध्ये अमेरिकेत 'स्टारबरी वन' नावाचा बास्केटबॉलचा बूट विक्रीला आला. किंमत 14.98 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जेमतेम सातशे रुपये. त्याच सुमारास नामवंत खेळाडूंच्या नावाचे बूट शंभर-दीडशे डॉलरना जात होते. बूट काढणारा होता न्यूयॉर्क निक्सचा बिनीचा खेळाडू स्टीफन मारबरी, आणि दुकानात ठेवलेला हाच बूट घालून तो एनबीएच्या सामन्यांत उतरला.

मारबरी कोनी आयलंडचा. ब्रुकलिनच्या त्या टोकाला, सरकारी वसाहतीत, सात भावंडांत वाढलेला. पोरांचा बुटांसाठीचा हट्ट आणि महिनाअखेरीची तंगी, दोन्ही त्याने घरातच पाहिलं होतं. बूटधंदाही त्याला नवा नव्हता. 1996 मध्ये तो एनबीएत आला तेव्हा 'अँड वन' या तरुण कंपनीने ज्या पहिल्या एनबीए खेळाडूला करारबद्ध केलं, तो हाच.

या धंद्यात खेळाडूचं नाव बुटावर छापायची चाल जुनी. कॉन्व्हर्सच्या बुटावर चक टेलरची सही 1930 च्या दशकात आली. तो कंपनीचा विक्रेता होता आणि त्या सहीवर जोडामागे त्याला काही मिळत नसे. 1984 मध्ये मायकेल जॉर्डनने नायकीशी करार केला, त्यात विक्रीतला वाटा आला आणि खेळाडूंचं नशीब पालटलं. किंमत ठरवण्याचा अधिकार मात्र कंपनीकडेच राहिला. मारबरीने नेमका तिथेच हात घातला. ठरावीक मानधन घेतलं नाही. जेवढे जोडे खपतील तेवढी कमाई. त्याच्या बाजूने आखणी करणारा एरिन पॅटन पूर्वी नायकीत जॉर्डनच्याच बुटांचं काम पाहत असे.

माल विकायचं काम 'स्टीव्ह अँड बॅरीज' या दुकान-साखळीचं. जाहिरातीवर खर्च जवळजवळ नाही, कारखान्याकडून थेट खरेदी, आणि गिऱ्हाईक आटलेल्या मॉलमध्ये स्वस्त भाड्याची जागा. दीडशे डॉलरच्या बुटात नामवंतांच्या जाहिरातीचा आणि मधल्या हातांचा वाटा किती असतो, हे पंधरा डॉलरच्या बुटाने उघड केलं. माझा बूट आणि महागडा बूट मधोमध कापून बघा, आत सारखंच सापडेल, असं मारबरी सांगत फिरला.

बास्केटबॉलच्या बुटाला काय लागतं? उडी मारून खाली आल्यावर पाय मुरडू नये म्हणून रुंद तळ. टाच हलू नये अशी घट्ट मागची बाजू. मध्ये धक्का पचवणारा फोमचा थर आणि खाली झटक्यात थांबता यावं म्हणून नागमोडी खाचा. बेंगळुरूत हेब्बाळच्या बाजूला सोसायट्यांच्या आवारात सिमेंटची कोर्टं आहेत. लाकडी फरशीसाठी केलेल्या मऊ रबराच्या या खाचा अशा सिमेंटवर लवकर झिजतात; आधी चवड्याखालचा भाग गुळगुळीत होतो, मग पाय सरकायला लागतो. आठ-दहा हजारांचा जोड असा घासून संपवणं किती आईबापांना परवडेल? वाढत्या वयाच्या पोराचा पाय तर वर्षभरात एक माप पुढे गेलेला असतो. स्वस्त आणि भरवशाचा बूट ही या खेळाची पहिली गरज आहे, असं माझं ठाम मत आहे.

स्टारबरी बुडाला तो बुटामुळे नव्हे. दुकान उघडण्यासाठी मॉलमालकांकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमांवर स्टीव्ह अँड बॅरीजची भिस्त होती. नवी दुकानं उघडत राहिली तरच पैसा खेळणार. 2008 च्या मंदीत तो ओघ थांबला, जुलैत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, पुढच्या वर्षाच्या आरंभी दुकानं बंद झाली. नाव मारबरीचं होतं, पण दुकान परक्याचं. एकाच दारातून माल जात होता आणि ते दारच मिटलं.

2010 मध्ये मारबरी चीनला गेला. बीजिंग डक्सला त्याने 2012, 2014 आणि 2015 अशी तीन अजिंक्यपदं मिळवून दिली. बीजिंगमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. स्टारबरी पुन्हा उभा करण्याची धडपड त्याने तिथूनही सोडली नाही.

आता असाच एक प्रयोग बेंगळुरूत सुरू आहे, क्रिकेटपटूच्या नावाने. विराट कोहलीचा 'वन एट' हा ब्रँड 2017 पासून प्यूमाबरोबर होता. 2025 मध्ये तो करार संपला. मग कोहलीने इथल्या ॲजिलिटास कंपनीत 40 कोटी गुंतवून भागीदारी घेतली आणि वन एट तिच्या हवाली केला. प्यूमा इंडियाचे माजी प्रमुख अभिषेक गांगुली यांनी ही कंपनी 2023 मध्ये काढली, आणि त्याच वर्षी मोचिको ही बूट बनवणारी कंपनी विकत घेतली. मारबरीकडे जो नव्हता, तो कारखाना इथे घरचा आहे.

जुलै 2017 मध्ये याच शहरातल्या श्री कंठीरवा स्टेडियममध्ये भारतीय महिलांनी कझाकस्तानला 75-73 असं हरवून महिला बास्केटबॉलच्या आशिया चषकाच्या ब गटाचं विजेतेपद मिळवलं; पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. तिच्यासारख्या खेळाडूच्या नावाचा, तिच्या भागीदारीतला बूट इथे निघावा, आणि तो दोन हजारांच्या आत मिळावा.