अक्कलदाढ काढल्यानंतरचा तिसरा दिवस

अक्कलदाढ काढून घेणे ही जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. अर्ध्या-पाऊण तासाचे काम, तेवढ्या भागापुरती भूल, दोन-तीन टाके आणि तोंडात बोळा दाबून धरलेला रुग्ण घरी रवाना. रावेर, यावल, चोपड्याहून जळगावला किंवा शिरपूर, साक्रीहून धुळ्याला सकाळी आलेला रुग्ण संध्याकाळच्या एसटीने गावी परततोही. अडचण सुरू होते ती त्यानंतर. भूल उतरते, गाल सुजतो, रात्र पडते आणि दंतवैद्याचा दवाखाना दुसऱ्या गावी बंद झालेला असतो. होत आहे ते नेहमीचे की काळजीचे, हे अशा वेळी घरच्यांनाच ठरवावे लागते. तो अंदाज चुकला तर दहा मिनिटांच्या उपचाराने आटोक्यात येणारे दुखणे आठवडाभर छळते आणि क्वचित प्रसंगी ते जिवावरही बेतते.

साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान उगवणाऱ्या या दाढेला जबड्यात पुष्कळदा जागाच उरलेली नसते. विशेषतः खालची दाढ आडवी किंवा तिरपी होऊन हाडात अडकून बसते. ती काढण्यासाठी हिरडी उघडावी लागते, थोडे हाड कोरावे लागते, कधी दाढेचे तुकडे करावे लागतात. एवढे केल्यावर सूज येणारच. ही सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग ओसरू लागते. पहिल्या दिवशी थुंकीला गुलाबी छटा असणे, जबडा पुरता न उघडणे, गिळताना थोडे दुखणे, अंग किंचित कोमट लागणे हेही अपेक्षितच असते. रुग्णाने लक्षात ठेवण्याजोगी खूण एकच आहे. तिसऱ्या दिवसापासून दुखणे आणि सूज उतरणीला लागली पाहिजे. ती चढू लागली, तर दंतवैद्याला दाखवण्याची वेळ आली असे समजावे.

तिसऱ्या दिवसाच्या सुमारास उचल खाणारे सर्वांत परिचित दुखणे म्हणजे ‘ड्राय सॉकेट’. १८९६ मध्ये क्रॉफर्ड या अमेरिकी दंतवैद्याने हे नाव प्रथम वापरले आणि तेच रूढ झाले. दाढ निघाल्यावर तिच्या खाचेत रक्ताची गुठळी धरते. ही गुठळी म्हणजे जखमेवरचे नैसर्गिक झाकण होय. तिच्याखाली नवी पेशीजाले तयार होतात आणि खाच हळूहळू भरून येते. काही कारणाने गुठळी विरघळली किंवा निघून गेली, की खालचे हाड उघडे पडते. अन्न, लाळ आणि हवा यांचा त्या उघड्या हाडाला थेट स्पर्श होतो. मग दोन दिवस बरे वाटत असलेल्या रुग्णाला एकाएकी ठणका लागतो. ही कळ कानापर्यंत, कधी कानशिलापर्यंत जाते, तोंडाला दुर्गंधी येते, जिभेला विचित्र चव लागते आणि नेहमीच्या गोळीने रात्र निभत नाही. सूज मात्र फारशी वाढत नाही आणि पूही नसतो. सर्वसाधारण दात काढल्यावर हा त्रास शेकड्यात एक ते पाच जणांना होतो. खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेबाबत मात्र हे प्रमाण काही पाहण्यांत शेकडा पंचवीस-तीसपर्यंत गेलेले आढळते.

गुठळी जाण्याची कारणे अनेक आहेत. शस्त्रक्रिया अवघड झाली असेल, तोंडात आधीपासून जंतुसंसर्ग असेल, स्त्री रुग्ण संततिनियमनाच्या गोळ्या घेत असेल, तर धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो सुमारे तिप्पट होतो. खान्देशात याला तंबाखूची जोड मिळते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. तरी चुना-तंबाखू मळणे, सुपारी चघळणे आणि घराघरांतून मशेरी लावणे थांबलेले नाही. दाढ काढल्यावर दुखऱ्या जागी मशेरी किंवा तंबाखूची चिमूट ‘आराम पडतो’ म्हणून दाबून ठेवणारे रुग्णही असतात. बधिरपणामुळे क्षणभर बरे वाटते खरे, परंतु बोटाने चोळताना गुठळी उखडते आणि तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करून खाचेचा रक्तपुरवठा कमी करते. गुठळीला दुसरा धोका चोखण्याचा असतो. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा पंचेचाळीसकडे झुकत असताना, रसवंतीवर नळीने थंडगार उसाचा रस ओढण्याचा मोह कोणाला होत नाही? मात्र नळीने ओढताना तोंडात जी पोकळी निर्माण होते तीच गुठळी खेचून काढते. जोराने थुंकणे आणि पहिल्याच दिवशी खळखळून चुळा भरणे यांचाही परिणाम तोच. रस, ताक, पाणी भरपूर प्यावे, पण पेल्याने. चुळा चोवीस तासांनंतर, कोमट मिठाच्या पाण्याने, तेही पाणी तोंडात अलगद फिरवून सोडून द्यावे.

ड्राय सॉकेटवरचा उपाय घरात नसतो. तो दंतवैद्याच्या खुर्चीत असतो, आणि तो साधा आहे. खाच मिठाच्या निर्जंतुक पाण्याने हळुवार धुतली जाते, अडकलेले कण काढले जातात आणि लवंग तेलातील युजेनॉल असलेली औषधी पट्टी आत बसवली जाते. बहुतेकांची कळ तासाभरात उतरते. पट्टी दर एक-दोन दिवसांनी बदलावी लागते आणि आठवडा-दीड आठवड्यात खाच स्वतःच भरू लागते. येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. हे दुखणे प्रामुख्याने जंतुसंसर्गाचे नसल्यामुळे औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी ते बरे होत नाही. तशा गोळ्यांवर चार दिवस काढलेला रुग्ण चार दिवस विनाकारण कळा सोसतो. घरातील लवंग तेलाचा बोळा खाचेत कोंबणेही नको. निव्वळ तेलाने हिरडी भाजते, आणि विसरलेला कापूस आत कुजतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवण्याची जुनी सवयही तितकीच घातक आहे.

वेदनाशामक गोळ्यांबाबत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची जोडी अशा दुखण्यात चांगली परिणामकारक ठरते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मेट्रोनिडॅझोल लिहून दिले असेल तर त्या काळात मद्य वर्ज्य. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, मध्ये विश्रांती द्यावी. गरम शेक द्यायचा तो दोन दिवसांनंतर, तेही जबड्याचा ताठरपणा सोडवण्यासाठी.

रक्तस्रावाने घरातील माणसे सर्वाधिक घाबरतात. पण लाळेत मिसळलेले थोडे रक्तही पुष्कळ दिसते. रक्त वाहू लागले तर रुग्णाला बसते करावे, स्वच्छ सुती कापडाची किंवा गॉजची घट्ट घडी ओली करून खाचेवर ठेवावी आणि अर्धा तास न बोलता, मध्ये उचलून न पाहता ती दातांत दाबून धरावी. दोनदा असे करूनही रक्त थांबले नाही, तर वाट पाहू नये. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही बाब दाढ काढण्याच्या आधीच सांगितली पाहिजे. त्या गोळ्या परस्पर बंद करणे हे रक्तस्रावापेक्षा अधिक धोक्याचे ठरू शकते.

खरी घाई लागते ती पसरणाऱ्या जंतुसंसर्गात. खालच्या अक्कलदाढेची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूला, जिभेच्या तळाशी असलेल्या मोकळ्या जागांच्या अगदी जवळ असतात. पू त्या जागांत उतरला तर तो जिभेखाली आणि मानेकडे पसरतो. हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी लाकडासारखा कडक होतो, जीभ वर उचलली जाते, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा किंवा तोंडात घास असल्यासारखा येतो. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन वैद्याने या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. दाढेचे दुखणे श्वासाच्या मार्गावर येऊन बसते, ही त्यातली भीती. मधुमेहींमध्ये हा संसर्ग अधिक वेगाने फैलावतो, म्हणून त्यांची रक्तशर्करा दाढ काढण्याआधी आणि नंतरही आटोक्यात असणे आवश्यक.

थंडी वाजून ताप येणे, तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज, तोंडात एक बोटही न मावणे, गिळताना अडथळा, आडवे झाल्यावर गुदमरणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळी दवाखाना उघडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अशा रुग्णाला दंतवैद्याच्या दवाखान्याऐवजी शस्त्रक्रिया आणि भूल यांची रात्रंदिवस सोय असलेले रुग्णालय हवे असते. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावातही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका याच कामासाठी आहे. वाटेत रुग्णाला झोपवू नये, बसलेलाच न्यावा.

सुपारी-गुटख्याची जुनी सवय असलेल्या तरुणांत आणखी एक गुंतागुंत होते. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा तंतुमय होऊन ताठरते आणि तोंड मुळातच कमी उघडते. अशा रुग्णाची दाढ काढणे अवघड, आणि नंतर तोंड का उघडत नाही हे ठरवणे त्याहून अवघड. शस्त्रक्रियेआधी तोंड किती उघडते याचे माप नोंदवून ठेवले, तर हा घोळ टळतो. एरवी निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. शस्त्रक्रियेनंतर कमी झालेले हे अंतर आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ववत व्हायला हवे.

खालच्या ओठाची, हनुवटीची किंवा जिभेच्या एका बाजूची बधिरता हा प्रकार वेगळा. भूल काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ जड आणि मुका वाटत असेल, तर दाढेच्या मुळाशी असलेल्या मज्जातंतूला धक्का पोहोचल्याची शक्यता असते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते. कायमची बधिरता राहणारे फार थोडे. तरीही ही तक्रार लगेच नोंदवून घ्यावी, कारण किती भाग बधिर आहे आणि तो आक्रसतो आहे की नाही, यावरूनच पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही ते ठरते. तोवर चहा तोंडाला लावण्यापूर्वी त्याचा वाफारा हाताने पाहावा. बधिर ओठ भाजला तरी कळत नाही. वरच्या दाढेच्या बाबतीत पाणी पिताना ते नाकातून येऊ लागले, तर सायनसला भोक पडलेले असू शकते. अशा वेळी नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून ती येऊ द्यावी आणि दंतवैद्याला गाठावे.

जेवणाचा प्रश्न खान्देशात जरा कठीणच. शेवभाजीची तर्री आणि हिरव्या मिरचीचे भरीत आठवडाभर लांब ठेवावे लागते. मऊ खिचडी, दहीभात, ताकात कालवलेली भाकरी आणि जिल्ह्याचीच केळी यांवर पहिले दिवस निघतात. कळण्याची कडक भाकरी आणि भाजलेले दाणे मात्र महिनाभर दुसऱ्या बाजूनेच चावावेत. हाड कोरलेला जबडा या काळात थोडा कमजोर असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही कडक चावताना ‘कट्’ असा आवाज येऊन पुन्हा सूज आली, तर एक्स-रे काढून घ्यावा.