मूठ वळते, उघडत नाही

बाजरीची भाकरी थापणारा हात कधी जवळून पाहिलाय? परातीत पिठाचा गोळा, वर सपाट तळहात, बोटं ताठ आणि एकमेकांना चिकटलेली. हात लयीत पडत राहतो आणि त्याच्याखाली भाकरी आपसूक गोल फिरत मोठी होते. नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडच्या घराघरात रोज सकाळी घडणाऱ्या या कामात हाताची एक पक्की तपासणी दडलेली आहे. ऑस्ट्रेलियाचे शल्यविशारद जॉन ह्यूस्टन रुग्णाला टेबलावर हात पालथा ठेवायला सांगत. तळहात आणि बोटं टेबलाला सपाट टेकली नाहीत, तर आजार पुढे सरकला म्हणायचा. आपल्याकडे हीच तपासणी परात करते.

या आजाराला ड्युपुट्रेनचा आजार म्हणतात. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात गियोम ड्युपुट्रेन यांनी १८३१ साली दारूच्या एका व्यापाऱ्याचा आखडलेला हात शस्त्रक्रियेने मोकळा केला, तेव्हापासून हे नाव चिकटलं. सुरुवात बहुधा अनामिकेच्या किंवा करंगळीच्या मुळाशी होते. तळव्यात हरभऱ्याएवढी टणक गाठ हाताला लागते. मग काही वर्षांत कातडीखाली दोरीसारखा ताण उभा राहतो आणि बोट हळूहळू तळव्याकडे वळतं. मूठ छान वळते. कोयता धरता येतो, गाईची धार काढता येते. अडतं ते हात उघडताना: भाकरी थापताना, तोंड धुताना, खिशात हात घालताना, नमस्कार करताना.

आपल्या भागात मात्र वाकडी करंगळी दिसली की लोकांच्या मनात पहिली शंका महारोगाची येते. या शंकेला कारण आहे. कुष्ठरोगात कोपराजवळची नस सुजते, कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात तीच, आणि तिच्यामुळे नेमकी हीच दोन बोटं आधी वाकतात. पण दोन्हींतला फरक घरीसुद्धा जाणवण्यासारखा असतो. कुष्ठरोगात त्या बोटांना बधिरपणा येतो, आणि सुरुवातीला दुसऱ्या हाताने ती सरळ करता येतात. ड्युपुट्रेनमध्ये स्पर्श शाबूत असतो, पण बोट कितीही ओढलं तरी सरळ होत नाही. बधिरपणा असेल तर एक दिवसही न दवडता सरकारी दवाखाना गाठावा. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो आणि औषध मोफत मिळतं. शिर्डीत साईबाबांचा धुनीत भाजलेला हात रोज तूप लावून बांधणारे भागोजी शिंदे स्वतः कुष्ठरोगी होते, असं साईचरित्रात सांगितलं आहे. त्या हातांची आठवण मला इथे हटकून येते.

तिसरा संशयित मधुमेह. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की बोटांची कातडी आणि सांधे ताठरतात, नमस्कारासाठी जोडलेल्या हातांत फट राहते. मधुमेहींमध्ये ड्युपुट्रेनही जास्त आढळतो. एरवी आपल्याकडे हा आजार कमीच. त्याचं माहेर उत्तर युरोप; नॉर्वेत साठी ओलांडलेल्या पुरुषांत तो दहापैकी तिघांना असतो, असा अंदाज आहे. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. आणि २०२३ साली ह्यूगो झेबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याला कारणीभूत ठरणाऱ्या जनुकीय खुणांपैकी काही थेट निअँडरथल माणसाकडून आलेल्या आहेत. हजारो वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीशी झालेली एक मानवजात आज कुणाची तरी करंगळी वाकवते आहे!

पण मला सर्वांत थक्क करते ती एक पेशी. ऊस तोडताना कोयता निसटून हात कापला, तर जखमेच्या कडा जवळ ओढून ती मिटवणारी खास पेशी शरीरात तयार होते: मायोफायब्रोब्लास्ट. ती अर्धी विणकरी, अर्धी स्नायू. कोलॅजेनचे धागे विणते आणि ते स्वतःच आवळतेही. काम झालं की बहुतेक पेशी मरून जातात आणि मागे व्रण उरतो. जूलियो गाब्बियानी आणि ग्विडो माज्नो यांनी १९७२ साली ड्युपुट्रेनच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा हीच पेशी समोर आली. म्हणजे तळव्यात जखम नाही, रक्त नाही, तरी जखम मिटवणारी मंडळी कामाला लागली आहेत आणि काम थांबवायला तयार नाहीत.

किरणोपचार त्यांना थांबवण्यासाठी असतो. गावाकडे त्याला ‘लाईट देणं’ किंवा ‘शेक देणं’ म्हणतात आणि ऐकणारा लगेच कॅन्सर धरून चालतो. इथे मात्रा बरीच कमी असते. जर्मनीत रुळलेल्या पद्धतीत रोज ३ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) असे पाच दिवस, मग साधारण सहा ते बारा आठवड्यांची सुट्टी आणि पुन्हा पाच दिवस. एकूण ३० ग्रे. गाठीभोवती पेनाने रेघ आखतात, बाकीचा हात शिशाने झाकतात, आणि काही मिनिटांत काम आटोपतं. ‘शेक’ म्हणावं, तर ३० ग्रेच्या साऱ्या ऊर्जेने तळव्याचं तापमान एक अंशाच्या शंभराव्या भागाइतकंही वाढत नाही! किरण पेशीतल्या डीएनएच्या दोऱ्यांवर घाव घालतात, आणि भराभर वाढणाऱ्या पेशींना तो सोसत नाही.

हा उपाय चालतो तो गाठ नवी असताना. वाकलेलं बोट किरणांनी सरळ होत नाही. त्यासाठी सुई किंवा शस्त्रक्रिया. जर्मनीतल्या एरलांगेनच्या डॉक्टरांनी सरासरी १३ वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवलं, तेव्हा नुसत्या गाठी असलेल्या हातांपैकी ८७ टक्के हात होते तसेच राहिले किंवा सुधारले. सगळे तज्ज्ञ याबाबत एकमताचे नाहीत. शिवाय किरणांमुळे पुढे कॅन्सर होण्याचा धोका अगदी थोडा असला तरी असतो, म्हणून तरुण वयात डॉक्टर दहा वेळा विचार करतात.

आता घरोघरी विचारला जाणारा प्रश्न: किरण घेतल्यावर हात जपून ठेवायचा का? नाही. हात चालता ठेवायचा. धार काढा, कपडे पिळा, भजनात टाळ वाजवा. फक्त एक गोष्ट त्या पेशीकडूनच शिकण्यासारखी आहे: तिला ताण कळतो. तिला ओढलं की ती उलट जोराने आवळते. म्हणून बोट धरून जबरदस्तीने मागे खेचणं, रात्रभर फळीला बांधून ठेवणं, कुणाकडून करकचून चोळून घेणं टाळावं. पहिले काही आठवडे कातडी लाल राहते, पुढे कोरडी पडते, भेगाळू शकते. तेव्हा काम झाल्यावर साधं मलम किंवा खोबरेल तेल लावावं, आणि उपचार चालू असताना काय लावायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. कोयत्याच्या किंवा खुरप्याच्या मुठीला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली की मूठ जाड होते आणि गाठीवरचा दाब पसरतो. पॉवर टिलरसारखी थरथरणारी यंत्रं सलग चालवू नयेत. अशा थरथरीशी या आजाराचा संबंध दिसलेला आहे.

सुधारणा कळायला महिने लागतात, त्यामुळे रोज गाठ दाबून पाहण्यात अर्थ नसतो. महिन्यातून एकदा सपाट पाटावर हात पालथा ठेवावा आणि मुलाच्या दप्तरातली पेन्सिल वाकलेल्या बोटाखालून सरकवून पाहावी. ती अडली तर ठीक. सहज आरपार गेली, तर हाताच्या शल्यविशारदाला दाखवायची वेळ झाली. तोवर पाट भिंतीला टेकवून ठेवावा आणि परात पुढ्यात घ्यावी.