मेणाच्या ठोकळ्यात टिकलेली खूण

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा इवलासा आरएनए. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. कोणतं प्रथिन किती बनावं, यावर लगाम ठेवतो. १९९३मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत तो पहिल्यांदा सापडला. त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्कन यांना २०२४चं नोबेल मिळालं.

मेंदूच्या गाठीत हा लगाम बिघडतो. ग्लिओब्लास्टोमा या गाठीत ‘मिर-२१’ हा मायक्रोआरएनए भरमसाट वाढतो. निरोगी मेंदूत जवळजवळ न दिसणारा ‘मिर-१०बी’ही तिथे आढळतो.

लहान मुलांना होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमाबद्दलचं मोलाचं काम आपल्याकडे, खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात झालं आहे. या गाठीचे मुख्य प्रकार चार. डब्ल्यूएनटी प्रकारातली बहुतेक मुलं बरी होतात. ‘गट ३’ या प्रकारातल्या मुलांची लढाई सर्वांत कठीण. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक नेहमी कळत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. तिथे लांब आरएनएचे तुकडे पडतात, आखूड मायक्रोआरएनए मात्र वर्षानुवर्षं टिकतो. याचाच उपयोग करून १२ जनुकं आणि ९ मायक्रोआरएनए मोजणारी पीसीआर चाचणी अ‍ॅक्ट्रेकच्या संशोधकांनी २०१३मध्ये मांडली.

रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून मेंदूच्या गाठीचं निदान अजून रोजच्या उपचारांत आलेलं नाही. तसा दावा कुणी केला तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि ऑपरेशननंतर रिपोर्टइतकाच तो मेणाचा ठोकळाही जपा. पुढच्या बऱ्याच तपासण्या त्याच्यावरच होतात.