वडिवेलूचं व्हायोलिन

आजही तंजावरातच थांबू या. दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांच्या मराठी दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू असे चार कलावंत भाऊ होते. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा त्यांनी घालून दिलेला क्रम भरतनाट्यमचे वर्ग आजही पाळतात.

धाकटा वडिवेलू १८१० सालचा. गायचा, नाच बसवायचा, वर्णम् रचायचा. शिवाय व्हायोलिन! वाद्य युरोपियनांबरोबर आलेलं. बँडमधला साहेब ते उभ्यानं, हनुवटीखाली धरून वाजवी. (आम्हा फौजींना बँड म्हटलं की उभंच राहावंसं वाटतं, ते सोडा.) कर्नाटक संगीताचा जीव मात्र गमकात, म्हणजे स्वर हलवत, घसरवत नेण्यात. म्हणून वादक मांडी घालून बसला, एक टोक छातीशी, दुसरं उजव्या घोट्यावर. वाद्य पक्कं टेकलं, डावा हात मोकळा झाला, बोट तारेवर हवं तसं सरकू लागलं. तारा लावल्या सा-प-सा-प. हे एकट्याचं काम नव्हे. दीक्षितरांचे बंधू बालुस्वामीही त्यात होते.

पण जॅझमध्ये बेसवाला जसा सगळ्यांना धरून ठेवतो, तशी गाण्याला साथ व्हायोलिननं करायची, ही रीत रुजवण्यात वडिवेलूचा वाटा मोठा. पुढे तंजावर सुटलं. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ साली त्याला हस्तिदंती व्हायोलिन दिलं. १८४५ मध्ये तो गेला. वय जेमतेम पस्तीस.