न बोलतां बोललेलें

मनुष्य केवळ जिभेनें बोलतो असा आपला समज असतो. परंतु आपली मराठी भाषाच तो खोडून काढते. नाक मुरडणें, भुवया चढविणें, कपाळाला आठ्या घालणें, तोंड फिरविणें हे सारे वाक्प्रचार शब्दांवांचून होणाऱ्या बोलण्याचेच आहेत. डोळ्यांच्या खुणांस नेत्रपल्लवी व हातांच्या खुणांस करपल्लवी अशीं सुरेख नांवेंहि आपल्याकडे आहेत. या खुणा मात्र आपण जाणूनबुजून करतों. आपल्या नकळत शरीर जें बोलून जातें त्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आम्ही येथें देतों.

विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरीं विल्हेल्म फॉन ऑस्टेन नांवाचे एक सेवानिवृत्त गणितशिक्षक राहत असत. त्यांनीं हान्स नांवाच्या आपल्या घोड्यास मोठ्या चिकाटीनें अंकगणित शिकविलें. बेरीज विचारली, कीं घोडा उत्तराइतक्या वेळां खूर आपटून थांबे. १९०४ सालीं तज्ज्ञांच्या एका मंडळानें तपासणी केली. त्यांस लबाडी आढळली नाहीं, आणि लबाडी नव्हतीच.

पुढें ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें निराळी युक्ति योजिली. प्रश्न विचारणारासच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था त्यानें केली, आणि घोड्याचें गणित फसलें. विचारणारा दृष्टीआड झाला, तरीहि तेंच. बारकाईनें पाहतां उलगडा झाला तो असा: प्रश्न विचारल्यावर मनुष्य खुराकडे पाहण्यास किंचित् पुढें वाकतो, आणि योग्य आकडा येतांच मनावरचा ताण सुटून त्याचें डोकें केसभर वर उचललें जातें. तेवढें पाहून घोडा थांबत असे. हें रहस्य कळल्यावरहि स्वतः फुंग्स्टला ती हालचाल आवरणें कठीण गेलें! १९०७ सालीं त्यानें हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आपल्याकडील नंदीबैलहि धन्याच्या खुणेनें मान डोलवितो; परंतु तो धनी खूण समजून करतो. फॉन ऑस्टेन यांस आपण खूण करीत आहों याची जाणीवच नव्हती.

यांतून शाळेनें व घरानें घेण्याजोगे दोन धडे आहेत. तोंडी परीक्षेंत मुलगा "सात साते अठ्ठेचाळीस" म्हणतो, गुरुजींची भुवई किंचित् हलते, आणि तो लगेच "एकोणपन्नास" म्हणतो. उत्तर बरोबर आलें. पण पाढा येत होता, कीं चेहरा वाचतां येत होता? विद्यार्थ्यांनीं हा प्रश्न स्वतःस विचारावा. लेखी परीक्षेंत कागदास भुवया नसतात.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. शरीर बोलतें हें खरें. परंतु तें काय बोलतें हें ओळखणें सोपें नाहीं. मुलानें मान खालीं घातली, कीं "हाच अपराधी" असा निवाडा पुष्कळदां होतो. वास्तविक वडील माणसांच्या दृष्टीस दृष्टि न भिडविणें हा आपल्याकडे विनय समजला जातो. भीतीनें, लाजेनें वा दुखण्यानेंहि मान खालीं जाते. चार्ल्स बाँड व बेला डीपॉलो या अभ्यासकांनीं २००६ सालीं दोनशेंहून अधिक लेखांतील प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हां खरें-खोटें ओळखण्यांत माणसें १०० पैकीं सरासरी ५४ वेळांच बरोबर ठरलीं. नाणें उडवून निवाडा केला, तरी ५० वेळां बरोबर येईल! एवढ्याशा आधारावर एखाद्या निरपराध मुलास शिक्षा करणें न्यायाचें होईल काय?

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं प्रगतिपुस्तक हातीं घेतांना आपल्या कपाळावरील आठी मूल शब्दांच्या आधीं वाचतें, हें ध्यानांत असावें. आणि मुलाचा चेहरा आपण अवश्य वाचावा. मात्र त्यावरून प्रश्न विचारावा, निकाल देऊं नये. विद्यार्थ्यांनींहि मान खालीं घालून उभें न राहतां जें घडलें तें शब्दांत सांगावें. कारण मुद्रेचा अर्थ दुसरा लावतो. शब्दांचा अर्थ आपणांस समजावून देतां येतो.